सगळ्यात जास्त धोका आयसीयूवाल्यांनाच होता ना?

कोविडच्या महासाथीत आयसीयूत काम केलं म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो. सगळ्यात गंभीर पेशंट तुमच्याकडे, म्हणजे सगळ्यात जास्त लागणही तुम्हालाच झाली असणार, असं लोक धरूनच चालतात.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. २०२० मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या रुग्णालयांत कर्मचाऱ्यांच्या अँटीबॉडी तपासल्या, तेव्हा सफाई कर्मचाऱ्यांपैकी सुमारे ३४ टक्के जणांना संसर्ग होऊन गेल्याचं दिसलं. आयसीयूत हेच प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास होतं. मला याचं नवल वाटलं नाही. व्हेंटिलेटरपर्यंत पोहोचलेल्या पेशंटच्या आजाराचे सुरुवातीचे, सर्वाधिक संसर्गाचे दिवस बहुधा सरलेले असतात. त्याचा श्वास बंद नळ्यांतून, फिल्टरमधून जातो. आणि आत पाऊल टाकणारा प्रत्येक जण पूर्ण तयारीनिशीच येतो. वॉर्डात पेशंट मोकळेपणी खोकत असतो आणि त्याच्याजवळच्या माणसाच्या तोंडावर अनेकदा साधा सर्जिकल मास्क असतो.

श्वासनलिकेत ट्यूब टाकण्याच्या क्षणाची आम्हाला सगळ्यात धास्ती होती. म्हणून सर्वांत अनुभवी हाताने ट्यूब टाकायची, खोलीत मोजकीच माणसं, औषध पुरतं चढेपर्यंत थांबायचं म्हणजे पेशंट खोकणार नाही, आणि ट्यूबचा फुगा फुगवल्याशिवाय व्हेंटिलेटर सुरू करायचा नाही. पुढे मोजमापं झाली, तेव्हा ट्यूब टाकताना उडतात त्याहून बरेच जास्त कण साध्या खोकल्यातून हवेत जातात असं आढळलं. तरी ही शिस्त सोडावी असं मला वाटत नाही.

खरी जोखीम अंगावरचं पीपीई किट उतरवताना. तासन् तास घामात काढलेले, गॉगलवर वाफ, कानामागे रग, लघवी तुंबलेली. अशा वेळी हात आधी मास्ककडेच जातो, आणि मास्क तर सगळ्यांत शेवटी, खोलीबाहेर आल्यावर काढायचा असतो. पुढच्या बाजूला बोट न लावता, मागचे पट्टे धरून. त्याआधी ग्लोव्हज, मग गाऊन आतून बाहेर गुंडाळत, आणि प्रत्येक टप्प्यानंतर हात स्वच्छ. थकलेल्या माणसाला हे एकट्याने जमत नाही. समोर एक जण उभा राहून पायऱ्या मोठ्याने सांगणारा हवाच. आणि त्या जागी कालपरवा रुजू झालेली सिस्टर असली, तरी तिने "थांबा सर, आधी हात" म्हटलं की विभागप्रमुखानेही थांबलंच पाहिजे. जिथे ती कचरते, तिथलं किट कितीही महागडं असो, मला भरवसा वाटत नाही.

मास्कचंही तसंच. एन-९५ सूक्ष्म कणांपैकी किमान ९५ टक्के अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तर. ते पाहण्यासाठी मास्कवरून डोकं-चेहरा झाकणारं टोपडं चढवून आत कडू फवारा मारतात. जिभेला कडू लागलं की हवा कडेने शिरते आहे, दुसरा मास्क घ्या. दाढी असेल तर तो नीट बसतच नाही. लहान चणीच्या चेहऱ्यांना बसणारे मास्क अनेक ठिकाणी आलेच नाहीत, आणि परिचारिकांत बहुसंख्य बायका असताना असं व्हावं, याचा मला अजून राग येतो.

चहाच्या खोलीबद्दल मात्र कुणी विचारत नाही. तिथे सगळ्यांचे मास्क एकाच वेळी उतरतात, खोली लहान, खिडकी बंद, गप्पा रंगलेल्या. पेशंटपासून वाचलेले सहकारी तिथे एकमेकांकडून आजारी पडू शकतात. पाळीपाळीने चहा आणि उघडी खिडकी, एवढ्यानेही खूप फरक पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात सुमारे १,१५,००० आरोग्य कर्मचारी कोविडने दगावले. म्हणून पुढच्या साथीची तयारी पाहताना व्हेंटिलेटर किती, एवढ्यावर थांबू नका. मास्क बसतो का याची तपासणी कुणाकुणाची झाली, त्या यादीत सफाई करणाऱ्या मावशींचं नाव आहे का, आणि ताप आला म्हणून त्या घरी थांबल्या तर त्यांचा पगार कापला जातो का, हेही विचारा.