‘एकादशी, दुप्पट खाशी’ होते कशी?

रात्री साडेनऊला चिवड्याचा डबा मूठमूठ करत रिकामा होतो आणि माणूस स्वतःलाच बोल लावतो, ‘जिभेवर ताबा नाही.’ पण त्याचा दिवस उलटा वाचत जा. संध्याकाळी चहा, दुपारी घाईत अर्धी भाकरी, सकाळी नुसता चहा. सोलापुरात यंत्रमागावर शिफ्ट करणारे असोत की घरी विड्या वळणाऱ्या बायका, अनेकांचा दिवस असाच जातो. चहाने भूक मरते म्हणतात. ती मरत नाही, पुढे ढकलली जाते. सहा-सात तासांच्या खंडानंतर भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक चढलेलं असतं, मग मन तेलकट-गोडाकडेच धावणार. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हा खादाडपणावरचा टोमणा खरं तर शरीराचा साधा हिशेब आहे.

पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तिथे ‘उपवास करू नका’ हा सल्ला कोण ऐकणार? गरजही नाही. ताटात काय आहे ते बघा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, १०० ग्रॅममध्ये १ ग्रॅमही प्रथिनं नाहीत. नुसत्या साबुदाण्यावर भागवलं की लवकरच पुन्हा खा-खा सुटते. वरीचा भात, दाण्याची आमटी, वाटीभर दही हे जास्त वेळ टिकतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. औषध तेवढंच आणि पोट रिकामं, तर साखर धोकादायक उतरू शकते.

आपलं कुठे बिघडतंय हे कळायला एक वही आणि सात दिवस पुरतात. चार रकाने पाडा: वेळ, काय खाल्लं, आधी भूक किती (० ते १०), मनात काय चाललं होतं. कॅलरी लिहू नका. वजनकाटा आठवडाभर कपाटात. भूक ३च्या आत असताना खाल्लं असेल तिथे खूण करा: कंटाळा, भांडण, नाहीतर पातेल्यातलं उरलेलं. सगळ्यांना वाढून झाल्यावर ‘टाकवत नाही’ म्हणून ओट्याशी उभ्याने खाल्लेलं ते जेवण कुणी जेवणात धरतच नाही.

जागेपणी खंड चार तासांपेक्षा लांबवू नका. संध्याकाळी पाचची सोय आपल्याकडे आयती आहे: कडक भाकरी. कित्येक दिवस टिकते. चुरून दह्यात घालायची, वर दोन चमचे शेंगाचटणी, आणि बसून खायची. चिवडा खायचा तर वाटीत काढून. तो कायमचा बंद करणं ही नेहमीची चूक; बंदी घातली की तोच डोक्यात घोळतो आणि एक घास गेला की ‘आजचा दिवस गेलाच’ म्हणत डबा संपतो.

तीन महिने, आठवड्यातून एकदा तरी, थोड्या वेळात प्रचंड खाणं, थांबता न येणं आणि मग लपवालपवी असेल, तर तो आजार असू शकतो, त्याला उपचार लागतात. मुद्दाम उलट्या काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं किंवा वजन घटून पाळी थांबणं दिसलं तर तीन महिने वाट बघू नका. उलट्यांनी पोटॅशियम उतरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक २४ तास चालू असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि तोवर घरच्यांनी त्या माणसाच्या ताटाकडे बघून ‘एवढंच?’ही म्हणू नये आणि ‘अजून?’ही.