राइशस्टाग ते डालेम: बर्लिनची स्मारकं पाहताना

आईला घेऊन बर्लिनला जायचं ठरलं, तेव्हा विमानाच्या तिकिटांनंतर लगेच हातात घेतलेलं काम म्हणजे राइशस्टागच्या घुमटाची नोंदणी. जर्मन संसदेवरचा हा काचेचा घुमट बघायला पैसे पडत नाहीत, पण आधी नाव नोंदवावं लागतं. संसदेच्या संकेतस्थळावर फॉर्म आहे. बरोबर येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि जन्मतारीख भरायची, वेळ निवडायची आणि मंजुरीचा मेल जपून ठेवायचा. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं घाला, मधलं नाव गाळू नका. उन्हाळ्यात सोयीच्या वेळा भराभर संपतात, म्हणून हे घरूनच उरकलेलं बरं.

दारात पासपोर्ट, मेल, विमानतळावर होते तशी तपासणी, मग लिफ्टने थेट गच्चीवर. नॉर्मन फॉस्टर यांनी १९९९ मध्ये पूर्ण केलेल्या या घुमटात गोल चढण आहे. कानाला लावलेलं यंत्र आपण कुठे पोचलो ते ओळखून समोरच्या इमारतींची माहिती सांगतं. चढण सौम्य आहे, आईच्या गुडघ्यांना त्रास झाला नाही. खाली काचेतून संसदेचं सभागृह दिसतं.

माझं मन मात्र जास्त रेंगाळलं ते बाहेर, रस्त्याच्या कडेला. तिथे बिडाच्या ९६ पाट्या एकीला एक लागून उभ्या आहेत. प्रत्येकीच्या वरच्या कडेवर एकेका खासदाराचं नाव, पक्ष आणि मृत्यूचं ठिकाण कोरलंय. नाझींनी मारलेले हे लोकप्रतिनिधी. पुष्कळ पाट्यांवर मृत्यूचं ठिकाण म्हणजे छळछावणी. घुमटाकडे निघालेली माणसं शेजारून जातात आणि बहुतेकांचं लक्षही जात नाही. आई वाकून एकेक नाव वाचत होती. तिला जर्मन येत नाही, पण गावांची नावं तिला कळत होती.

तिथून नाझींनीच मारलेल्या सिंती आणि रोमा या समाजांच्या स्मारकाचं काळं गोल तळं दोन मिनिटांवर, पुढे ब्रांडेनबुर्ग दरवाजा, आणि आणखी थोडं चाललं की युरोपातल्या मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक. पीटर आइझेनमन यांनी रचलेले काँक्रीटचे २७११ ठोकळे. लोक आधी ठोकळ्यांमध्ये शिरतात, फोटो काढतात आणि निघतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, आधी जमिनीखालच्या माहिती केंद्रात जा. प्रवेश मोफत आहे, सोमवारी बंद असतं. एका खोलीत जमिनीतल्या उजळ काचांवर छळाच्या काळात लिहिलेल्या पत्रांचे आणि डायऱ्यांचे उतारे आहेत. दुसऱ्या अंधाऱ्या खोलीत एकेकाचं नाव आणि दोन-चार वाक्यांत त्याचं आयुष्य वाचून दाखवतात. सगळी नावं अशी वाचायची तर ६ वर्षं, ७ महिने आणि २७ दिवस लागतील. हे ऐकून वर या. कडेचे गुडघ्याएवढे ठोकळे आत जाताजाता डोक्यापेक्षा उंच होतात, पायाखालची जमीन खाली उतरत जाते, आणि तेव्हा फोटो काढावासा वाटत नाही.

बेर्नाउअर स्ट्रासला अर्धा दिवस तरी द्याच. नॉर्डबानहोफ स्टेशनातून बाहेर पडलं की बर्लिनच्या भिंतीचं स्मारक सुरू होतं, ते जवळजवळ दीड किलोमीटर. १९६१ च्या ऑगस्टमध्ये पूर्व आणि पश्चिम बर्लिनमधली सीमा बंद झाली, तेव्हा इथल्या एका बाजूची घरं पूर्वेत होती आणि दारासमोरचा फुटपाथ पश्चिमेत. दारं विटांनी बुजवली, मग खिडक्या. ईडा झीकमान ४८ नंबरच्या घरात राहायच्या. २२ ऑगस्टला त्यांनी आधी खिडकीतून गादी-पांघरूण खाली टाकलं आणि मागोमाग स्वतः उडी मारली. अग्निशमन दलाला झेलायची चादर पसरायलाही वेळ मिळाला नाही. भिंतीपायी गेलेला हा पहिला जीव. "अगं, अंगणाची सीमा झाली म्हण ना," आई म्हणाली.

भिंत होती तिथे आता गंजक्या लोखंडी सळ्या उभ्या आहेत. त्यांच्या मधून आपण सहज आरपार जातो. पळून जायला खणलेल्या बोगद्यांच्या खुणा जमिनीवर केल्यात. त्यातला एक १९६४ चा, त्यातून ५७ माणसं सुटली. सीमापट्ट्यात अडकलेलं जुनं चर्च पूर्वेच्या सरकारने १९८५ मध्ये सुरुंग लावून पाडलं. त्या जागी आज माती ठोकून बांधलेलं छोटं प्रार्थनाघर आहे. भिंतीजवळ तोंड नेऊन बघा, जुन्या चर्चच्या विटांचे तुकडे त्या मातीत दिसतात.

शेवटचं ठिकाण आपल्याकडच्या पर्यटन कंपन्यांच्या यादीत मला कधी दिसलं नाही. यू३ मेट्रोने डालेमला जायचं, फ्राये उनिव्हर्सिटेट स्टेशनला उतरायचं आणि ईनेस्ट्रास २२ गाठायचं. आज तिथे विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग आहे. १९२७ मध्ये मात्र इथे मानववंश आणि वंशसुधारणेची कैसर विल्हेल्म संस्था सुरू झाली होती. आउशविट्झच्या छळछावणीतून तिथला नाझी डॉक्टर मेंगेले याने पाठवलेले मृतांचे अवयव पुढे याच संस्थेत आले. दाराशी लावलेल्या पाटीवर हे स्पष्ट लिहिलंय, आणि आपल्या कामाच्या परिणामांची जबाबदारी शास्त्रज्ञांचीच, हेही.

या संस्थेत १९२८ ते १९३० या काळात इरावतीबाई कर्वे शिकत होत्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, संचालक. मेंदूच्या आणि कवटीच्या असमान बाजूंवरून गोरे लोक श्रेष्ठ ठरतात, अशी त्यांची धारणा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा आणि या असमानतेचा काही संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष प्रबंधात मांडला. परक्या देशात, पंचविशीच्या आत, खुद्द मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी पिढ्या घडवल्या, हे आपल्याला माहीत असतं. त्याआधी हे कुठे आणि कुणासमोर घडलं, ते त्या दारात उभं राहून बघावं असं मला मनापासून वाटतं. वेगळं तिकीटही लागत नाही, शहराच्या एबी झोनच्या दिवसभराच्या तिकिटात डालेम येतं.