परातीवरची नावं

जूनची दुपार. मृग लागून आठवडा झाला तरी पावसाचा पत्ता नव्हता आणि नागपुरात गांधीबागेतल्या माझ्या ऑफिसातला कूलर नुसती ओली हवा फेकत होता. दोघं साडभाऊ, म्हणजे साडू, आले, पण दोन वेगवेगळ्या गाड्यांवर. तेव्हाच कळलं, आज टॅक्स रिटर्नचं काम नाही.

2013 पासून त्यांचं केटरिंग. धाकटे आचारी, त्यांना सगळे महाराजच म्हणतात. थोरल्यांना भाऊ; ते ऑर्डरी घेतात, वसुली करतात. करारनामा? "साडभावासंगं कोन लिहून घेते जी?" असं भाऊंनी मला पूर्वीच ऐकवलं होतं. जीएसटी भाऊंच्या नावावर, चालू खातंही त्यांचंच. दरवर्षी रिटर्न मीच भरत होतो आणि 'हे महाराज नेमके कोण?' हे मी कधी विचारलं नाही. त्यामुळे या घोळात थोडं पाप माझंही आहे.

"सर, धंदा माह्या नावानं आहे. हे कामाले होते," भाऊ म्हणाले.

महाराज काही बोलले नाहीत. उठून खाली गेले आणि स्कूटरवर दोरीनं बांधून आणलेली मोठी पितळी परात घेऊन वर आले. टेबलावर मावेना, म्हणून माझ्या फायलींवरच ठेवली. काठावर भांडेवाल्याकडून ठिपक्यांत नावं घालून घेतलेली होती: आधी भाऊंचं, मग महाराजांचं, खाली 2013. चिंच लावून घासून घासून भाऊंच्या नावातला एक काना पुसट झाला होता.

"कामवाल्याचं नाव घालते का कोनी परातीवर?"

भाऊ कूलरकडे पाहत राहिले.

मी सीए, वकील नाही. सिव्हिल लाइन्समधल्या एका वकील मैत्रिणीला फोन लावून स्पीकरवर ठेवला. 1932 च्या भागीदारी कायद्याला लेखी करार लागतोच असं नाही, ती म्हणाली. धंदा दोघांचा, नफा दोघांत, एकमेकांच्या वतीनं व्यवहार, एवढं सिद्ध झालं की भागीदारी. जीएसटी कोणाच्या नावावर, यावरच सगळं ठरत नाही. मुदत ठरलेली नाही, म्हणजे एकानं दुसऱ्याला लेखी नोटीस दिली की फर्म मोडली.

"पन आमची नोंदनी नाही. कोर्टात चालते का?" भाऊंनी विचारलं. कोणीतरी नोटरीबाहेर बसून त्यांना हे शिकवून पाठवलं असावं. महाराष्ट्रात 1984 च्या दुरुस्तीनं नोंदणी नसलेल्या भागीदाराला हिशेबाचा दावासुद्धा लावता येत नव्हता, हे खरं. पण 2009 मध्ये सुप्रीम कोर्टानं ती दुरुस्ती रद्द केली, असं तिनं सांगितलं. भाऊंचा तोही पत्ता गेला.

मग वही उघडली. भाऊंनी सुरुवातीला 60,000 घातले होते, महाराजांनी 40,000. म्हणून भाऊंना नफाही साठ-चाळीस हवा होता. पण करार नसेल तर नफा-तोटा सारखा, भांडवल कितीही असो. आणि दर लग्नसराईनंतर 'दोघांत अर्धे' असं वहीत भाऊंच्याच अक्षरात होतं. आता महाराज खुलले. त्यांना अकरा वर्षांच्या स्वयंपाकाचा पगारही पाहिजे होता. तेही नाही, ठरलेलं नसेल तर भागीदाराला कामाचा मोबदला मिळत नाही. दोघांचे चेहरे सारखेच उतरले, तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

महाराजांची एक रक्कम मात्र पक्की निघाली. जून 2020 मध्ये कामकऱ्यांचे पगार द्यायला त्यांनी भांडवलाबाहेरचे 2 लाख घातले होते. त्यावर कायद्यानं सहा टक्के, चार वर्षांचे 48,000. पण आधी इतवारीच्या किराणावाल्याची उधारी, मग महाराजांची ही रक्कम, मग दोघांचं भांडवल, आणि उरलं तर अर्धं-अर्धं. हा क्रम मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिला. कारण तोंडी सांगितलं तर उद्या तिसरंच काहीतरी आठवणार.

गंज, कढया, भट्ट्या वाटायला अर्धा तास लागला. मोबाइल नंबरला दोन तास. तो नंबर प्रत्येक डब्यावर, पोरांच्या टी-शर्टवर, मेटाडोरवर. सगळं नागपूर त्याच नंबरवर पंगती सांगतं. शेवटी तो भाऊंनी ठेवायचा आणि त्याचे पैसे महाराजांच्या खात्यात जमा दाखवायचे, असं ठरलं. आकडा दोघांनी खाली चहाच्या टपरीवर जाऊन ठरवला, मला कागदावर लिहिलेला दिला.

परत जायला निघाले तेव्हा मला तुळशीच्या लग्नानंतरच्या तीन लग्नांचा विसार आठवला. पैसे घेतलेले. अर्धवट राहिलेली कामं फर्म मोडली तरी दोघांनाच निभवावी लागतात, मी म्हणालो. दोघं दारातच थांबले. महाराजांनी परात काखेला मारली.

"पहिली पंगत किती पानाची आहे, भाऊ?"

"सातशे."

"मंग कांदे पाहाले कळमन्याले तुमीच जाजा. मागच्या खेपी मी आनले तं तुमी सडके म्हनलं होतं."