सोनं घोटताना

बारा वर्षं मी ॲक्रिलिकमध्येच काम करत होते. मग एका संग्रहालयात चौदाव्या शतकातल्या इटालियन वेदीचित्रासमोर, म्हणजे चर्चच्या वेदीमागे लावायच्या चित्रासमोर, उभी राहिले. मी बाजूला सरकले तशी त्यातल्या सोन्याची झळाळीही सरकली. छापील चित्रांत हे कधी दिसलंच नव्हतं. आईचं चित्र सोन्याच्या पार्श्वभूमीवर करायचं, हे तिथेच ठरलं.

हाताशी होता चेन्निनो चेन्नीनी या चित्रकाराचा १४०० च्या सुमाराचा, चित्रं कशी करायची ते सांगणारा ग्रंथ. लाकडी फळीवर सरेस (प्राण्यांच्या कातड्यापासूनचा गोंद), त्यावर लिननचं कापड, मग सरेस आणि प्लास्टरचे पातळ थर. मी आठ दिले. पहिली फळी वाया गेली. सरेस जास्त तापला, बुडबुडे आले आणि वाळल्यावर सगळीकडे सुईने टोचल्यासारखी छिद्रं. दुसरी नीट जमली.

खरा कस लागला तो सोन्याशी. आधी तांबड्या, मऊ चिकणमातीचे थर द्यायचे. ते वाळले की थोडी थोडी जागा पाण्याने भिजवायची आणि वर्ख जवळ न्यायचा. तो ओल्या मातीकडे आपसूक ओढला जातो. वर्ख श्वासानेही उडतो, म्हणून मी नाकातोंडावर रुमाल बांधून बसले होते. मग अकीकाच्या दगडाने घोटायचं. पण कधी? घाई केली तर सोनं मातीसकट निघून येतं, उशीर झाला तर चमक चढत नाही. माझा एक कोपरा असाच सोलला गेला आणि मला रडू आलं. शेवटी कान कामी आले: दगडाने हलकेच टकटक केली की ओल असेपर्यंत आवाज बद्द येतो, वेळ झाली की टणक. त्या टणक आवाजानंतर घोटलं आणि पिवळट, निस्तेज वर्ख बघता बघता गडद, आरशासारखा झाला.

चेहरा शेवटी. अंड्याच्या बलकात कालवलेला रंग लगेच वाळतो, तो एकमेकांत मिसळता येत नाही. बारीक रेघांवर रेघा ओढूनच गोलाई येते. तरुण चेहऱ्याला शहरी कोंबडीचा फिकट बलक घ्यावा आणि म्हाताऱ्या, सावळ्या चेहऱ्याला खेड्यातल्या कोंबडीचा लालसर, असं चेन्नीनी सांगतो. आईसाठी मी लालसर घेतला. त्वचेच्या रंगाखाली हिरव्या मातीचा थर असतो. जुन्या चित्रांत वरचा रंग झिजून तो डोकावतो. आईच्या डोळ्यांखाली मी तो मुद्दाम थोडा उघडा ठेवलाय.