काँक्रीट काढून काय मिळणार?

रविवारी सकाळी कुणी बरोबर आलं तर मी त्यांना नाशिकचा गोदाघाट दाखवते. होळकर पुलापासून निघायचं, रामकुंड, गांधी तलाव, नारोशंकराचं देऊळ, आणि पाय चालले तर खाली तपोवनापर्यंत. माझे जुने विद्यार्थी येतात, पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात, घरातल्या कुणाच्या अस्थी घेऊन आलेली आणि विधी उरकल्यावर दोन तास मोकळी असलेली माणसंही येतात. रामकुंडापाशी पोचलो की एक प्रश्न ठरलेला. ‘बाई, कुंडाचा तळ चांगला पक्का केलाय, चिखल नाही, पाय घसरत नाहीत. ते काँक्रीट काढून काय मिळणार?’

उभ्याउभ्या मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि ते दर वेळी अर्धवट राहतं. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून एकदा सगळं सांगते.

आम्ही जुने नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. ‘गंगेवर जाऊन येते’ म्हणजे घाटावर जाऊन येते. आमचं घर जुन्या नाशकात, तिवंध्याच्या बाजूला होतं. कार्तिक लागला की आजी पहाटे मला उठवून स्नानाला न्यायची. थंडीनं दात वाजत असायचे, पायऱ्यांचा दगड बर्फासारखा लागायचा, पण कुंडात उतरलं की एका ठरावीक जागी पाणी कोमट असायचं. आजी माझा हात धरून मला बरोबर तिथं उभी करायची. तळपायाखालून काहीतरी हलकेच वर ढकलतंय असं वाटायचं. ती म्हणायची, ‘हा उमाळा. गंगा आटली तरी हा आटत नाही.’

पुढे मी भूगोल शिकवायला लागले तेव्हा त्या कोमट पाण्याचा अर्थ कळला. जमिनीखालच्या पाण्याचं तापमान वर्षभर फारसं बदलत नाही, म्हणून ते हिवाळ्यात कोमट आणि उन्हाळ्यात गार लागतं. म्हणजे आजी मला जिथं उभी करत होती तिथं वरून वाहत आलेलं पाणी नव्हतं, खडकातून येणारं होतं.

नाशिकच्या खाली सगळा काळा पाषाण आहे. लाव्हाचे थर एकावर एक निजलेले. घट्ट थरातून पाणी जात नाही, पण त्याला भेगा असतात, आणि दोन थरांच्या सांध्यात मांजऱ्या, म्हणजे छिद्राछिद्रांचा खडक असतो, त्यात पाणी मुरतं आणि साठतं. विहीर खणणाऱ्यांना हे पुस्तक न वाचता माहीत असतं. पावसाळ्यात आजूबाजूच्या चढावर मुरलेलं पाणी या वाटांनी हळूहळू उतरत उन्हाळ्यापर्यंत नदीच्या तळाशी पाझरत राहतं. पात्र जिथं खडकात खोल गेलेलं असतं, तिथं झरे उघडतात. आमची कुंडं बांधली गेली ती अशा पात्रात. घाटावरच्या कुंडांना लोक तलाव समजतात, पण ती वाहत्या नदीच्या पोटात दगडी पायऱ्यांनी बांधून घेतलेल्या जागा आहेत. भर उन्हाळ्यात धार बारीक झाली तरी स्नान, संध्या, श्राद्ध थांबू नये एवढं पाणी तिथं राहायचं.

रामकुंड १६९६ मध्ये चित्रराव खटावकरांनी बांधलं आणि पुढे गोपिकाबाई पेशव्यांनी त्याची डागडुजी करवली. त्याच्या आसपास लक्ष्मणकुंड, सीताकुंड, धनुषकुंड, अहिल्याबाईंच्या नावाचं कुंड, खाली दशाश्वमेध, रामगया, पेशवे कुंड, खंडोबा कुंड अशी रांग. १९१७ च्या भूमापनाच्या नकाशात सतरा कुंडं दाखवली आहेत. आज घाटावर उभं राहून त्यातली किती बोट दाखवून ओळखता येतात ते येऊन बघा. मुलांना मी नकाशा हातात देऊन शोधायला लावते, तेव्हा बहुतेकांची गाडी पाचव्या-सहाव्या कुंडापाशी अडते.

तळ पक्का झाला तो २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत. त्या वेळी मला आनंद झाला होता, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. आईचं वय झालं होतं, आदल्या वर्षी ती शेवाळावरून घसरून गुडघ्यावर पडली होती. लाखो माणसं उतरणार, खाली खड्डे, निसरडे दगड. सपाट तळ करून दिला तर वाईट काय, असंच मलाही वाटलं. झऱ्याचा विचार तेव्हा डोक्यात आला नाही. वर्गात मुलांना पाझर आणि सांधे शिकवत होते, आणि समोर त्या सांध्यांवर सिमेंट ओतलं जात असताना दोन गोष्टी मी जोडल्या नाहीत. हे मला अजून सलतं.

त्या जोडल्या गेल्या २०१६ च्या एप्रिलात. दुष्काळाचं वर्ष होतं, धरणात पाणी कमी, नदीत ठरावीक काळानं पाणी सोडायचं ते आवर्तन नाही. पाडव्याच्या सुमारास रामकुंड कोरडं पडलं. १३९ वर्षांत असं पहिल्यांदाच झालं, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. स्नानासाठी कुंडात टँकरनं पाणी ओतलं गेलं. आई त्याच आठवड्यात गेली होती. ‘मला दुसरीकडे नेऊ नका, रामकुंडातच,’ एवढंच तिनं सांगून ठेवलं होतं. भावानं टँकरच्या पाण्यात अस्थी सोडल्या. पाणी घोट्याच्या वर नव्हतं, आणि खाली काँक्रीटचा करडा तळ स्पष्ट दिसत होता. गुरुजींनी मंत्र नीट म्हटले, कुणाचं काही चुकलं नाही. मी मात्र आजीनं दाखवलेली जागा नजरेनं शोधत होते, आणि तिथं सिमेंटचा जोड होता.

दुष्काळ होता हे खरंच. धरणातून पाणी सोडलं असतं तर कुंड भरलं असतं, हेही खरं. पण नदीला दोन्हीकडून पाणी मिळतं, वरून आणि खालून. वरचं थांबलं तेव्हा खालचं धावून आलं असतं. त्याच्या तोंडावर आपण झाकण घातलेलं होतं. माझं म्हणणं एवढंच आहे.

२०२० च्या उन्हाळ्यात, टाळेबंदीत घाट रिकामा असताना, खालच्या अंगाच्या पाच कुंडांमधलं काँक्रीट फोडून काढलं. त्यामागे कित्येक वर्षांचे अर्ज, कोर्टाच्या तारखा आणि जुने नकाशे घेऊन फिरणारे नाशिककर आहेत. बाहेर पडायला परवानगी मिळाल्यावर मी बघायला गेले. दशाश्वमेधापाशी खडकाचा काळा तळ उघडा होता, जुन्या पायऱ्यांच्या कडा मातीतून वर आल्या होत्या, आणि एका भेगेतून पाणी झिरपत होतं. कारंजं वगैरे नव्हतं. ओल सरकत सरकत खळग्यात जमत होती, आणि खळगा भरलेला होता. मी चप्पल काढून त्यात पाय बुडवला. जून लागलेला असूनही ते गार होतं.

आता तुमचा पुढचा प्रश्न: तळ उघडा झाला आणि भाविक बुडाले तर? ही शंका उडवून लावण्यासारखी नाही. घाटावर विधी करणारे जाणते लोकही ती घेतात, कारण माणूस बुडताना त्यांनीच पाहिलेला असतो. पण जुन्या बांधणीत त्याचा विचार होता. कुंडाला चारी बाजूंनी उतरत्या पायऱ्या असतात, स्नान शेवटच्या पायऱ्यांवर करायचं, मध्ये जायचं नाही. साखळी, कठडा, पाण्यात दिसेल अशी खूण, उभे राहिलेले जीवरक्षक, हे सगळं तळ न बुजवता करता येतं. गर्दीच्या दिवसांसाठी पाण्याची पातळी राखता येते. आईच्या गुडघ्यासाठी खरं तर एक चांगला कठडा पुरला असता.

काँक्रीट काढलं की पाणी निर्मळ होईल असं मी कधीच म्हणत नाही. नदीत मिसळणारं सांडपाणी हा वेगळा आणि मोठा आजार आहे, त्यावर २०१२ पासून उच्च न्यायालयात याचिका चालली. अरुणा आणि वरुणा रामकुंडापाशी गोदेला मिळतात असं आपण संकल्पात ऐकतो. अरुणा रस्त्याखाली गेली, आणि वरुणेला लोक वाघाडी नाला म्हणून ओळखतात. संगमाचं नाव तोंडात आणि नद्या नळात. उन्हाळ्यात पाणवेलींचा हिरवा गालिचा पसरतो, त्याला पाहुणे ‘किती छान’ म्हणून फोटो काढतात. ते सांडपाण्यावर पोसलेलं असतं हे सांगावं लागतं. पण झरे मोकळे असले तर निदान चांगलं पाणी आत येत राहतं. आजाऱ्याला औषध द्यायचं तर आधी त्याच्या नाकावरचा हात काढायला हवा.

होळकर पुलाजवळचं सुंदरनारायणाचं देऊळ मी मुद्दाम दाखवते. १७५६ मध्ये गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधलं. दगड झिजून, सुटून देऊळ धोक्यात आलं तेव्हा राज्याच्या पुरातत्त्व खात्यानं दुरुस्तीला घेतलं. खराब दगड उतरवायचे, तसाच दगड घडवून त्याच जागी बसवायचा. वर्षानुवर्षं परांची लागलेली होती, आणि लोक कुरकुरत होते की कामाला एवढा वेळ का. मला तो वेळ योग्य वाटतो. सिमेंटचा गिलावा आठ दिवसांत झाला असता, आणि आतल्या आत ओल धरून दगड खात बसला असता. जुन्या चुन्यात गूळ, बेलफळाचं पाणी घालत, तो चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. देवळाच्या बाबतीत हे लोकांना पटतं. नदीच्या तळाच्या बाबतीत तेच सांगितलं की चेहरे कोरे होतात, आणि मला ते फार खटकतं; देऊळ आणि कुंड तशाच हातांनी, तशाच दगडातून झालेलं आहे.

जमिनीखाली काही जिवंत ठेवता येतं का, असं कुणी विचारलं तर मी तिवंध्याच्या चौकात नेते. तिथं रस्त्याखाली रहाड आहे. पेशवाईपासूनचा दगडी हौद, वर्षभर झाकलेला, वरून रिक्षा आणि दुधाच्या गाड्या जातात. रंगपंचमीला तो उघडतात, पूजा होते, फुलांचा रंग पाण्यात कालवतात आणि पोरं धप्पकन उड्या घेतात. संध्याकाळनंतर पुन्हा बुजवतात. शहरात अशा काही रहाडी अजून टिकून आहेत. त्या टिकल्या, कारण खाली काय आहे हे आळीतल्या प्रत्येक पिढीला माहीत होतं आणि दरवर्षी उघडायची हे ठरलेलं होतं. कुंडाखालचे झरे आम्ही एका पिढीत विसरलो.

आणि हे सगळं रामकुंडाशी संपत नाही. पाणी मुरतं ते वर, ब्रह्मगिरी आणि अंजनेरीच्या अंगाखांद्यावर. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करणाऱ्यांचे तळवे चिखलानं माखतात, तोच चिखल पुढे आमच्या कुंडाचं पाणी होतो. तिथं डोंगराच्या कुशी कापून जमिनी सपाट केल्या गेल्या, तेव्हा गावकऱ्यांनी आणि पर्यावरणवाल्यांनी आरडाओरडा केला. अंजनेरीच्या पठारावर सेरोपेजिया अंजनेरिका नावाची इवलीशी वनस्पती आहे. तिचं नाव डोंगरावरून पडलं, शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये ती जगापुढे आणली. कड्यांवर गिधाडं घरटी करतात. २०१७ मध्ये अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र झालं. हनुमानाचा जन्म जिथं झाला असं आपण मानतो, तिथली गिधाडं आणि ते फूल हेही त्या तीर्थाचं धन आहे, आणि त्यांच्यासाठी भांडणारी माणसं माझ्या लेखी तीर्थसेवाच करतात. तपोवनातली झाडं सिंहस्थातल्या साधुग्रामासाठी तोडायची असं २०२५ च्या अखेरीस कळलं आणि नाशिककर झाडांपाशी जाऊन उभे राहिले, तेव्हा मीही गेले होते. तपोवन म्हणायचं आणि वन ठेवायचं नाही, हे मला जमणार नाही.

आता २०२७ च्या पावसाळ्यातली स्नानं समोर आहेत. सिंहस्थाची तयारी म्हटलं की नवे घाट, नवे पूल, नवी फरशी असं काहीतरी वाढत जातं. माझी विनंती उलट आहे. उरलेल्या कुंडांचा तळ उन्हाळ्यात, पाणी कमी असताना, हातानं, जुन्या पायऱ्या न दुखावता मोकळा करा. यंत्र लावाल तर काँक्रीटबरोबर तीनशे वर्षांचा दगडही निघून येईल, हे आधीच सांगते. आणि सगळं एकदम जमणार नसेल तर रामकुंडात एका कोपऱ्यापासून सुरुवात करा. पायऱ्या उतरून गेल्यावर डाव्या हाताला, भिंतीपासून साधारण चार हातांवर, जिथं आजी मला उभी करायची. यासाठी केलेल्या अर्जात मी ती जागा आकृती काढून दाखवली आहे.