नाशिकरोड ते इंदिरानगर, रात्री साडेनऊनंतर

पंचवटी एक्स्प्रेसने रोज नाशिकहून मुंबईला जा-ये करते असं सांगितलं की लोक माझ्या पहाटेबद्दल हळहळतात. किती वाजता उठतेस, डबा कधी होतो, झोप पुरते का. पहाटेचं काही नसतं. पहाटे रस्त्यावर दूधवाले असतात, पेपरची पोरं असतात, कानटोपी घालून फिरायला निघालेले आजोबा असतात आणि यातलं कोणीही तुमच्याकडे वळून बघत नाही. खरा प्रश्न परतीचा. गाडी सीएसएमटीहून सव्वासहाला सुटते, वेळेवर असली तर साडेनऊ-पावणेदहाच्या सुमारास नाशिकरोडला लागते आणि माझं घर इंदिरानगरला. बाहेरगावच्या माणसाला मुद्दाम सांगावं लागतं, की नाशिकरोड म्हणजे नाशिक नव्हे. स्टेशन आणि मूळ शहर यांच्यामध्ये आठ-दहा किलोमीटरचा पुणे रोड आहे. मुंबईहून येतानाचे तीन-साडेतीन तास मी निवांत असते. धास्ती असायची ती पुढच्या अर्ध्या तासाची.

फोर्टमधल्या ऑफिसात नोकरी लागली तेव्हा घरात याचं उत्तर सोपं होतं: नवरा घ्यायला येईल. तो नाशिकमध्येच, अंबडच्या एमआयडीसीत कंपनीत आहे. फर्स्ट शिफ्ट असली की यायचाही. पण शिफ्ट फिरती. सेकंड शिफ्टला तो सुटतो तोवर मी घरी पोचून जेवलेली असायला हवी, आणि नाइटला तो निघतो तेव्हा माझी गाडी कुठेतरी घोटी-अस्वलीच्या पट्ट्यात असते. शिवाय रोज कोणीतरी आणायला येणार या हिशेबावर नोकरी चालत नाही. सासूबाई एकदा म्हणाल्या, "तुझ्या गाडीपेक्षा त्याच्या शिफ्टचंच टेन्शन मला जास्त." बरोबर होतं त्यांचं.

मग मी एकेक पर्याय धरून पाहिला.

पहिला अर्थात शेअर रिक्षाचा. स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकलं की 'द्वारका, शालिमार, सीबीएस' असा पुकारा चालू असतो. रिक्षा भरलेली, रस्ता मोठा, दुकानं उघडी. बिटको चौक, दत्त मंदिर, उपनगर, गांधीनगर, बोधलेनगर, नासर्डी पूल, काठे गल्ली असं करत द्वारका येतं आणि तोवर मला कधी काही वाटलं नाही. खरी पंचाईत द्वारकेला उतरल्यावर. दिवसा तिथे गाड्यांमधून वाट काढता येत नाही. रात्री दहानंतर तोच चौक अवाढव्य वाटतो: वर उड्डाणपूल, खाली खांबांच्या सावल्या, आग्रा रोडने जाणारे ट्रक आणि कडेला थांबलेल्या रिक्षा. इंदिरानगरला त्या वेळी शेअर सीट मिळणं कठीण, 'स्पेशल' करावी लागते आणि मीटर टाकायचा विषयच काढायचा नाही. भाव ठरेपर्यंत मी तिथे उभी. कोणी काही बोलत नाही, पण चार जण बघत असतात आणि आपण कुठे जायचंय ते मोठ्याने, दोन-तीनदा सांगत असतो.

तिथेच मला माझ्या भीतीचा पत्ता लागला. चालत्या गाडीत मला भीती वाटत नव्हती. ती एक वाहन सोडून दुसऱ्याची वाट बघताना वाटायची. लोक सल्ले देतात ते सगळे प्रवासाबद्दल: मागे बस, फोनवर बोलत राहा, नंबर लिहून घे. ताटकळत उभं राहण्याबद्दल कोणी बोलत नाही. त्यामुळे पुढे मी प्रत्येक पर्याय एकाच कसोटीवर तोलला: यात मला कुठे, किती वेळ उभं राहावं लागेल?

या कसोटीवर सिटीलिंकची बस खरं तर पहिली येते. महापालिकेची ही बससेवा 8 जुलै 2021 ला सुरू झाली. त्याआधी शहरात एसटीच्या बस होत्या, पण त्यांची संख्या घटत घटत गेली होती आणि रात्री तर रिक्षाशिवाय गत्यंतर नव्हतं. बसमध्ये दिवे असतात, कंडक्टर असतो, तिकिटाचे पैसे ठरलेले असतात आणि बस कुठे आहे ते ॲपवर दिसतं. म्हणजे स्टॉपवर उगाच उभं न राहता स्टेशनच्या आत बाकावर बसून वेळ काढता येतो. पंचवटी वेळेवर आली की मी आजही बसच धरते. अडचण एवढीच, की बसचं वेळापत्रक रात्र चढेल तसं विरळ होतं आणि पंचवटी कधी येईल ते कसारा घाट ठरवतो. कसाऱ्याला गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिनं लागतात. घाटात चढच इतका आहे, की 37 फुटांना एक फूट. एखादी मालगाडी अडकली किंवा पावसाळ्यात रुळांवर दरड आली की मागच्या सगळ्या गाड्या रखडतात. आपण इगतपुरीला असतो आणि ॲपवर आपली बस निघून गेलेली दिसते.

ॲपवरच्या टॅक्सीबद्दल फार लिहीत नाही. स्वीकारल्यावर फोन येतो, "मॅडम, ड्रॉप कुठे? पेमेंट कॅश ना?" आणि इंदिरानगर ऐकलं की राइड रद्द. कधी मिळते, चांगलीही मिळते. पण जिच्यावर भरवसा नाही तिची वाट बघणं म्हणजे पुन्हा उभं राहणंच.

स्कूटी स्टेशनच्या पार्किंगमध्ये ठेवून पाहिली. उन्हाळ्यात उत्तम चाललं. पण पार्किंग मागे, तिथला उजेड यथातथाच आणि गाडीतून उतरलेले सगळे पुढच्या दाराने निघून गेले की मागे आपण आणि दोन-चार पोरं. पावसाळ्यात एकदा पंक्चर निघालं तेव्हा पार्किंगवाल्या मामांनी त्यांच्या पोराला पाठवून हवा भरून आणली. त्या दिवशी निभावलं. रोज असे मामा ड्युटीवर असतीलच असं नाही.

शेवटी जे जमलं ते गाडीतच जमलं. पासधारकांच्या डब्यात रोज त्याच बाया असतात. भाजी निवडणं, हळदीकुंकू, पोरांच्या परीक्षा, सगळं तिथेच होतं. इतके महिने शेजारी बसून मला माहीत नव्हतं, की समोरच्या बाकावरची बँकवाली राजीवनगरला राहते आणि दाराशी उभी राहणारी मुलगी पाथर्डी फाट्याला, म्हणजे दोघी माझ्याच बाजूच्या. आम्ही उतरून तीन वेगवेगळ्या रिक्षांच्या मागे धावत होतो! एका संध्याकाळी घाट चढताना हे कळलं आणि इगतपुरी यायच्या आत व्हॉट्सॲप ग्रुप तयार झाला. मग एक रिक्षावाले काका ठरवले. वयस्कर, खाकी शर्ट, बिल्ला लावलेला, नाशिकरोडलाच घर. त्यांचं लायसन्स आणि रिक्षाचा नंबर यांचे फोटो आम्ही आधीच ग्रुपवर टाकून ठेवले. काकांनाच ते सुचलं होतं: "ताई, घरच्यांना दाखवून ठेवा, म्हणजे मलाही बरं." गाडी देवळाली सोडते तेव्हा आमच्यापैकी कोणीतरी त्यांना फोन करतं. आम्ही पुलावरून उतरेपर्यंत रिक्षा चालू असते. उभं राहणं संपलं.

काकांशी आमचा एकच वाद होता, रस्त्याचा. त्यांना डीजीपीनगर, वडाळा असं आतून जायचं असे. अंतर कमी, सिग्नल कमी, पेट्रोल कमी. आम्हाला द्वारका, मुंबई नाका, सर्व्हिस रोड असं मोठ्या रस्त्यानेच हवं होतं. आतला रस्ता वाईट आहे असं मी म्हणत नाही, तिथेही माणसंच राहतात. पण रात्री रिक्षा बंद पडली तर समोर उघडं दुकान असलेल्या जागी बंद पडावी असं मला वाटतं. काकांनी दोन आठवडे कुरकुर केली, मग भाड्यात थोडे वाढवून घेतले आणि मोठ्या रस्त्याला लागले.

काका गावी गेले होते तेव्हाची एक रात्र सांगायला हवी. मी एकटीच, वेगळी रिक्षा. दत्त मंदिराजवळ चालकाने पुढच्या सीटवर एकाला बसवून घेतलं. "ओळखीचा आहे, पुढे सोडतो." तो मागे वळून माझ्याशी गप्पा मारायला लागला: कुठून आलात, घरी कोण कोण. मी उपनगरच्या सिग्नलला रिक्षा थांबवायला लावली, उघड्या मेडिकलसमोर उतरले आणि 112 लावला. हा फोन नाशिकच्या चौकीत वाजत नाही. तो राज्याच्या नियंत्रण कक्षात लागतो आणि तिथून जवळच्या पोलिस गाडीकडे जातो. म्हणून पलीकडची मुलगी आधी शहर विचारते, मग जागा. 'मेडिकलजवळ' सांगून चालत नाही. मला पुणे रोडचे चौक ओळीने पाठ होते म्हणून एका दमात सांगता आलं: नाशिक शहर, नाशिक-पुणे रोड, उपनगर सिग्नल, द्वारकेकडे जाताना डाव्या हाताला. गाडी आली, आतल्या महिला कॉन्स्टेबलने दुसरी रिक्षा थांबवून तिचा नंबर लिहून घेतला आणि मला बसवून दिलं. गुन्हा घडलाच नव्हता, त्यामुळे तक्रार काय करायची हा प्रश्न होता, पण "काही झालं नाही तर फोन कशाला केला" असं कोणी म्हणालं नाही. हे मला महत्त्वाचं वाटतं. गाडीत असताना असं काही घडलं तर 139 आहे. रेल्वेची चौकशी आणि सुरक्षा दोन्ही आता त्याच नंबरावर आहेत.

बहिणीने भेट दिलेला मिरचीचा स्प्रे डब्याच्या खाली, छत्रीच्या शेजारी पडून असतो. त्यापेक्षा चार्ज असलेला फोन बरा, म्हणून पॉवर बँक मात्र कधी विसरत नाही. लाइव्ह लोकेशनचीही एक गंमत आहे. मी सुरुवातीला ते नवऱ्याला पाठवायचे, आणि त्याच्या कंपनीत फोन लॉकरमध्ये ठेवावे लागतात! कोणी बघतच नसलेला ठिपका शहरभर फिरत होता. आता ते सासूबाईंना जातं, एक तासाचं. त्यांनी चष्मा लावून तो ठिपका इतक्या निष्ठेने पाहायला सुरुवात केली, की सिग्नलला थांबलं तरी फोन येतो, "नासर्डीवर काय करतेस गं?"

घराच्या गल्लीत तोंडालाच एक दिवा बंद होता. महापालिकेच्या ॲपवर तक्रार टाकली, ती 'निकाली' दाखवली गेली, दिवा तसाच. पुन्हा टाकली, या वेळी रात्रीच्या फोटोसकट, आणि सोसायटीतल्या आणखी चार घरांकडूनही टाकून घेतली. मग शिडीची गाडी आली. रिक्षातून उतरून फाटकापर्यंतचा तेवढाच तुकडा उरला होता पायी चालायचा.

ग्रुपमध्ये आता चौथी आली आहे, लेखानगरची. रिक्षात मागे तिघी बसतात, चौथीची सोय नाही आणि काका पुढे कोणाला बसवणार नाहीत हे आम्हीच त्यांना बजावून ठेवलेलं. त्यांच्या भाच्याकडे व्हॅन आहे म्हणे. माणशी भाडं काय पडेल आणि भाच्याचं लायसन्स कधी दाखवणार, यावर उद्या परतीच्या गाडीत बोलायचं ठरलं आहे.