पसरणी घाटात बर्फ पडत नाही

शाळेच्या जयंतीच्या स्मरणिकेसाठी आठवण लिहा म्हटल्यावर निम्मेशिम्मे लोक इंग्रजीच्या सरांवरच लिहिणार, हे संपादक मंडळानं गृहीत धरलं असेलच. सरांचं नाव मी मुद्दाम छापत नाही. असलं कौतुक त्यांना खपायचं नाही, आणि आमच्या वेळचे विद्यार्थी नावाशिवायही ओळखतील.

माझी दहावी 1984 ची. तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून. आठवीत सरांच्या तावडीत सापडेपर्यंत ए-बी-सी-डीशी आमची ओळख होऊन जेमतेम तीन वर्षं झालेली, आणि सर पहिल्या चाचणीच्या आधीच निबंध लिहायला लावायचे. इंग्रजी आमच्या कानावर पडायचं ते एक तर रेडिओच्या बातम्यांत, नाही तर पाचगणीत. घाट चढून वर गेलं की टेबललँडवर बोर्डिंगची मुलं फाडफाड इंग्रजी बोलत फिरायची. आम्ही खाली वाईत. मधे बारा-तेरा किलोमीटर आणि पसरणीचा घाट.

विषय होता ‘अ व्हिजिट टू अ हिल स्टेशन’. सगळ्यांनी गाईड उघडलं, जुळवाजुळव केली आणि वह्या दिल्या. दोन दिवसांनी सर वह्यांचा गठ्ठा टेबलावर आपटून म्हणाले, “पसरणी घाटात बर्फ कुणी पाहिलाय? हात वर करा.” एकही हात वर गेला नाही. “मग अर्ध्या वर्गाच्या वह्यांत ‘स्नो-कॅप्ड माउंटन्स’ आले कुठून? पाचगणीत आले की महाबळेश्वरात?” ज्या गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी विश्वकोशाचे खंड काढत होते, त्या गावात आमच्या वह्यांत मात्र हिमालय उतरला होता.

दहापैकी तीन हा त्या दिवशीचा चालू भाव. माझ्या वहीत ‘द सीनिक ब्यूटी वॉज बियाँड डिस्क्रिप्शन’ असं एक झोकदार वाक्य होतं. त्याच्या शेजारी सरांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘देन डू नॉट डिस्क्राइब इट.’ आणि वाक्य खोडलेलं.

सरांची तपासण्याची पद्धत सांगायलाच हवी, कारण मार्क वाढायचे ते तिच्यामुळेच. निबंध फक्त उजव्या पानावर लिहायचा, डावं पान कोरं. चूक झाली तिथे सर ती दुरुस्त करून देत नसत, समासात एक अक्षर टाकत. टी म्हणजे टेन्स, ए म्हणजे आर्टिकल, पी म्हणजे प्रीपोझिशन, आणि नुसती फुली म्हणजे ‘हे तुझं नाही’. चूक काय ते आपण शोधायचं आणि डाव्या पानावर सबंध वाक्य पुन्हा लिहायचं, नुसता शब्द चालायचा नाही. वही परत दिली की सर पुन्हा तपासायचे आणि पटलं तर अर्धा मार्क वाढवायचे. अर्ध्या मार्कासाठी मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून भांडणारी मुलं मी पाहिली आहेत.

टी आमच्याकडे सगळ्यात जास्त. ‘गेलो होतो’ आलं की आम्ही डोळे मिटून ‘हॅड गॉन’ ठोकायचो. त्या खालोखाल ए, कारण ‘अ’ आणि ‘द’ कुठे घालायचे हे आम्ही अंदाजपंचेच ठरवायचो. ‘वी एन्जॉइड व्हेरी मच’ हे तर राष्ट्रगीतासारखं प्रत्येक सहलीच्या शेवटी यायचंच. सर तिथे विचारायचे, “एन्जॉइड व्हॉट?” आणि उत्तर मिळेपर्यंत पुढे सरकायचे नाहीत.

पण व्याकरण सुधारून फार तर पाचापर्यंत जाता यायचं. त्याच्या वरचे मार्क वेगळ्या खात्यातले. सर आपल्याला टेबलाजवळ बोलवायचे, वहीतल्या पहिल्या परिच्छेदावर तळहात ठेवायचे आणि म्हणायचे, “आता वाच.” आपण दुसऱ्यापासून वाचायचं. वाचून झालं की विचारायचे, “काही अडलं?” बहुतेक वेळा काहीच अडलेलं नसायचं. मग तो परिच्छेद जायचा, त्यातल्या ‘मॅन इज अ सोशल अ‍ॅनिमल’सकट. रडू यायचं, कारण पाठ केलेला तेवढाच भाग शुद्ध असायचा.

मी पाचगणीचा तो निबंध पुन्हा लिहिला, तेव्हा घाटातच थांबलो. एस.टी. वळणावर तापली, ड्रायव्हरनं उतरून बॉनेट उघडलं, कंडक्टर डबा घेऊन पाणी शोधायला गेला, आणि तोवर सगळे उतरून खाली वाई बघत उभे राहिले, एवढंच. वाक्यं आखूड, कारण लांब वाक्याची शेपटी मला सांभाळता येत नव्हती. ‘द ड्रायव्हर पोअर्ड वॉटर इन द रेडिएटर’ या वाक्यावर सरांनी ‘गुड’ लिहिलं, आणि ‘इन’खाली पी टाकला. तिथे ‘इंटू’ हवं होतं. मार्क सहा. पाचगणी त्या निबंधात आलीच नव्हती, त्याबद्दल सरांनी चकार शब्द काढला नाही.

सगळंच सरांचं बरोबर होतं असं मात्र मी म्हणणार नाही. वाईट वाक्यं ते नाव घेऊन मोठ्यानं वाचायचे, वर्ग हसायचा, आणि मागच्या बाकावरच्या काही मुलांनी त्या भीतीनं निबंधाचा प्रश्न कायमचा ऑप्शनला टाकला. पालकही कुरकुरायचे. बोर्डाच्या परीक्षेत गठ्ठेच्या गठ्ठे तपासणाऱ्याला कुठला वेळ, तिथे सुभाषितं आणि ठरीव सुरुवातच चालते, असा त्यांचा युक्तिवाद. तो अगदीच खोटा नव्हता. गाईडवाली मुलंही इंग्रजीत चांगल्या मार्कांनी सुटली. पण पुढे ज्यांना नोकरीत इंग्रजीत रिपोर्ट लिहावे लागले, त्यांना विचारा. मी बँकेत तपासणीचे अहवाल लिहिले. शाखेत गेल्यावर काय दिसलं तेच पहिल्या ओळीत लिहायची सवय मला कुठल्याही ट्रेनिंगमध्ये लागलेली नाही.

सरांच्या हातून सुटलेले सर्वात जास्त मार्क मात्र माझे नव्हेत. माझी मजल सातापर्यंत. ‘अ व्हिलेज फेअर’ या विषयावर आम्ही सगळे पाळण्यात आणि जादूच्या प्रयोगात अडकलो होतो, तेव्हा वर्गातल्या, जवळच्या बावधनहून येणाऱ्या एका मुलीनं रंगपंचमीचं बगाड लिहिलं, म्हणजे नवसाच्या माणसाला उंच खांबाला बांधून बैलांनी ओढत नेतात तो यात्रेतला गाडा. उंचावर बांधलेला बगाड्या तिनं एका वाक्यात उरकला आणि उरलेलं पान बैलांना दिलं. वाटेत कुठे बैल बदलतात, चाक चिखलात रुतलं की कोण काय ओरडतं, घरचा बैल जुंपला तेव्हा तिचे वडील कसे गप्प झाले होते. चुका भरपूर होत्या, समास अक्षरांनी भरून गेला होता. तरी साडेसात. सरांनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला आणि त्या वेळी कुणीही हसलं नाही.

ती वही तिनं जपून ठेवली आहे, असं मागच्या वर्षी आमच्या बॅचच्या ग्रुपवर कळलं. जयंती समितीला विनंती आहे की तिच्याकडून ती मागून घ्यावी आणि माजी विद्यार्थी मेळाव्याच्या प्रदर्शनात डावी-उजवी दोन्ही पानं दिसतील अशी उघडून ठेवावी.